बॅक्स्टर साहेबांची भट्टी

ता. ४ मार्च

चि. भिंगरीस आजीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अक्षर इतकं बारीक काढतेस की म्हातारीचे डोळे काढून घ्यायचा विचार दिसतो. पुढच्या वेळी मोठं लिही, कागद लागला तर लागू दे.

नोकरी लागली हे बरं झालं. ती कसली, हे मात्र मला अजून धड उमगलेलं नाही. शब्दकोशाच्या ऑफिसात बसायचं, इंग्रजीतले जुनेपुराणे शब्द तपासायचे आणि जो आता कोणाच्याच तोंडी नाही त्याच्या डोक्याशी खंजिराची खूण करायची, असं तू लिहितेस. म्हणजे शब्दांच्या मसणवटीतली राखणदारी. तुझी आई चार घरं सांगत सुटली आहे की लेक मोठी भाषातज्ज्ञ झाली. सांगू दे. मी कोणाला काही सांगितलेलं नाही, कारण मला ते सांगताच येणार नाही.

इथली बातमी अशी की तुझ्या मामाच्या अंगात वारं शिरलंय. चौकात ते काचेचं दुकान निघालं ना, पाव खोक्यात घालून रिबीन बांधून देतात ते, तेव्हापासून त्याला झोप नाही. आपल्या दुकानाची पुढची भिंत पाडणार, काच लावणार, विजेची भट्टी आणणार. आणि मी? मी घरी बसून आराम करायचा. आराम म्हटलं की मला आजारपणच आठवतं.

तुझे आजोबा गेले तेव्हा मामा रांगत होता आणि तुझी आई शाळेत जायला लागली होती. मागच्या खोलीत विटांची भट्टी बांधून घेतली ती मी. दुकानावर कधी पाटी लागली नाही. लोक बाईची भट्टी म्हणत आले, तेवढ्यावर भागलं. मामाला मी सांगून टाकलंय की हात वर होतायत तोवर भट्टीपाशी मीच उभी राहणार. त्यावर तो नुसता हसला. त्याचं हे हसणं मला आवडत नाही. त्याच्या बापाचंही आवडत नसे.

जेवत जा. लोभ आहे तेवढा आहे, पत्र आलं नाही म्हणून तो आटणार नाही.

तुझी,
आजी


ता. १५ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

बघ, अक्षर किती मोठं काढलंय! ऑफिसातल्या एकाने विचारलं की भिंतीवर लावायचंय का.

माझ्या मसणवटीची हकीकत ऐक. मला एक खण दिलाय. त्यातले सगळे शब्द शेवटच्या चार अक्षरांनी एकमेकांचे भाऊबंद आहेत: एस, टी, ई, आर. कानाला 'स्टर' लागतं. आधी मला वाटलं, कोणा कंटाळलेल्या माणसाने उगाच एकत्र बांधलेत. पण नाही. ही शेपटी मुळात काम करणाऱ्या बाईची. ब्रूस्टर म्हणजे बिअर गाळणारी. वेब्स्टर म्हणजे मागावर विणणारी. केम्प्स्टर म्हणजे लोकर विंचरणारी. टॅप्स्टर म्हणजे पिंपाची तोटी सोडून पेले भरणारी. खण उघडला की बायकांचा बाजारच भरतो समोर, एकीला बोलायला सवड नाही.

आणि त्यात एक बॅक्स्टर आहे, आजी. बॅक्स्टर म्हणजे पाव भाजणारी बाई. तो शब्द वाचला आणि तूच दिसलीस मला, कपाळाला पीठ, हातात ते लांब दांड्याचं फावडं, आणि कोणावर तरी ओरडणं चाललेलं.

आमच्या थोरल्या संपादकांचा हुकूम आहे की या अर्थाने शब्द आता कोणी वापरत नाही, तेव्हा खंजीर काढा आणि पुढे चला. मी काढला, पण पेन्सिलीने.

मामाला भिंत पाडू दे. भट्टीला हात लावू देऊ नकोस. माझ्यावरची माया अशीच उबदार ठेव.

तुझी,
भिंगरी


ता. २४ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

आता अक्षर दिसतं. पत्र मामीनेही वाचलं, पलीकडच्या खुर्चीतून.

'स्टर' म्हणशील तर मला दोनच माहीत. दवाखान्यातली सिस्टर आणि सिनेमातला गँगस्टर. तीही तुझ्या खणात आहेत का? असली तर सिस्टरला माझा निरोप दे की मागच्या वेळी तिने सुई फार जोरात टोचली.

बाईच्या कामाला निराळं नाव होतं, म्हणून तू नाचतेस. नाव होतं कारण काम तिच्याच गळ्यात होतं. धूर, उष्णता, पाठीचा काटा ढिला होईस्तोवर मळायचं, त्यात पुरुषाला कोण बोलावतंय? तरी ते पाववालीचं नाव मी परत एकदा वाचलं. खोटं कशाला सांगू? भट्टीसमोर उभी राहून एकदा मोठ्याने म्हणूनही पाहिलं. जीभ अडखळते. पण ऐकायला वजनदार आहे.

भिंत पडली. सगळीकडे धूळ. मी पिठावर ओली फडकी टाकून काम करते आहे आणि गवंडी माझ्याकडे असे बघतात की मीच राहिलेला राडारोडा. मामा रंगाऱ्याला घेऊन तासन्‌तास बसतो. दुकानाला नाव हवं म्हणे. इतकी वर्षं नावावाचून पाव फुगत होते, आता नाव लागणार.

माझी आठवण काढायला वेळ नसला तर नको काढूस, पण दूध पीत जा.

तुझी,
आजी


ता. २ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

कामाच्या गडबडीत आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. दुकानाला इंग्रजी नाव हवंय. जुनं हवं, भारदस्त हवं, आणि आपल्या धंद्याशी नातं सांगणारं हवं. रंगारी सुचवतो ती नावं ऐकून हसू येतं. तू दिवसभर त्यातच असतेस, म्हणून तुझ्याकडे हात पसरतो. तुझ्या आजीला यातलं काही कळवू नकोस, पाटी लागल्यावर बघू दे.

मामी आठवण काढते. मामावरचा राग असेल तर तो पत्राच्या पाकिटात घालू नकोस.

तुझा,
मामा


ता. ९ एप्रिल

ती. मामास शि. सा. न.

मामा, तुझं पत्र वाचून मी खुर्चीतून उडालेच. नाव तयार आहे! बॅक्स्टर. जुन्या इंग्रजीत पाव भाजणाऱ्या बाईला म्हणायचे. बेकर म्हणजे पुरुष, बॅक्स्टर म्हणजे बाई. आपलं दुकान आजीने उभं केलं, तेव्हा याहून नेमकं नाव शोधून सापडणार नाही. आजीला तो शब्द मी आधीच कळवलाय, तिला तो आवडलाय, ती कबूल करणार नाही एवढंच.

फक्त पाटीवर नावाखाली आपल्या भाषेत एक ओळ लिही: पाव भाजणारी बाई. आणि तिचा तो भट्टीपुढचा फोटो आत भिंतीवर लाव, कपाळावर आठ्या असलेला. दुसरा फोटो नाहीच तिचा.

तू आजीसाठी एवढं करतोयस, याचं मला फार बरं वाटलं. लोभ होताच, आज त्याला चांगलंच खमीर चढलं.

तुझी,
भिंगरी


ता. १८ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद.

नाव एकदम पसंत. रंगाऱ्याने ऐकलं मात्र, तो म्हणाला की हे तर एखाद्या मोठ्या साहेबाचं आडनाव वाटतं. त्याच्या डोक्यात लगेच एक कल्पना आली आहे, बघू. खालच्या ओळीचं बघतो. पाटी रस्त्याच्या पलीकडून वाचता यायला हवी, फार मजकूर मावत नाही.

पाटी लागली की तुला पहिलं पाव-खोकं माझ्याकडून.

तुझा,
मामा


ता. ६ मे

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पाटी लागली. हिरवी जमीन, सोनेरी अक्षरं, बॅक्स्टर अँड सन्स. इंग्रजी मला येत नाही, पण मामाने वाचून दाखवलं आणि शब्द मी ओळखला. तुझ्या पत्रातलाच.

पाटीवर एक मिशीवाला साहेब काढलाय. डोक्याला उंच टोपी, गाल सफरचंदासारखे. रंगाऱ्याने तो दाढीच्या साबणाच्या डबीवरून उतरवला, हे मला त्यानेच कौतुकाने सांगितलं. आत भिंतीवर तोच साहेब मोठा करून चौकटीत घातलाय. खाली मजकूर आहे, तो आपल्या भाषेत असल्यामुळे मी वाचला. बॅक्स्टर साहेब म्हणे फार वर्षांपूर्वी बोटीने इथे आले, त्यांनी ही भट्टी बांधली आणि पावाची गुप्त कृती विश्वासू माणसांच्या हवाली करून ते मायदेशी परतले.

विश्वासू माणसं म्हणजे आम्ही. भट्टीच्या विटा मी डोक्यावरून वाहिल्या तेव्हा हा साहेब कुठे बसला होता, कोण जाणे. बोटीत असेल.

मी मामाला विचारलं की हा कोण. तो म्हणाला की कोणी नाही, ही जाहिरात आहे, आई, सगळे असंच करतात. मी विचारलं की मग मी कोण. तर तो फोन आला म्हणून बाहेर गेला.

आता तू सांग. शब्द बाईचा होता ना? मग त्याला मिशा कुठून फुटल्या?

उत्तर लिही. बाकी लोभाचं मागाहून बघू.

आजी


ता. १४ मे

ती. आजीस सा. न.

नाव मी दिलं. मामाने मागितलं, तुला आनंद होईल म्हणून मी दिलं, अर्थासकट दिलं. खाली तुझी ओळ लिहायला सांगितली होती, तुझा फोटो लावायला सांगितला होता. आज मी त्याला असं पत्र लिहिलंय की तो वर्षभर मला भाची म्हणणार नाही.

तू विचारलंस ते लिहिते, कारण तुझ्याशी आडपडदा कशाला. त्या सगळ्या शब्दांचं हेच झालं, आजी. कामात कमाई दिसली, पुरुष त्यात शिरले, आणि शिरताना बाईचं नावही अंगावर चढवलं. वेब्स्टर, ब्रूस्टर, बॅक्स्टर ही आता आडनावं आहेत, बापाकडून मुलाकडे जाणारी. शिवणारी ती सेम्प्स्टर. ते नावही पुरुषाने घेतलं, तेव्हा बाईला आणखी एक शेपूट जोडून सीम्स्ट्रेस व्हावं लागलं. सूत कातायला तेवढे कोणी पुरुष फिरकले नाहीत, म्हणून स्पिन्स्टर बाईकडे राहिला, आणि त्याचा अर्थ उरला लग्न न झालेली. सिस्टरचं घराणं वेगळं, तिची नुसती अक्षरं जुळतात. तुझा गँगस्टर मात्र याच घरातला, फार पुढे जन्मलेला.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी चुकले. आमच्या कोशात शब्दाचा सर्वांत जुना अर्थ पहिला छापतात, नवे त्याच्या मागून. दिवसभर तसं वाचून मला वाटायला लागलं की रस्त्यावरचा माणूसही पाटी तशीच वाचतो. आधी बाई, मग आडनाव.

कोशात मी ठळक लिहीन: मूळ अर्थ, पाव भाजणारी स्त्री. ते कोणी खोडणार नाही. आणि तू माझ्याकडे ये. खोली लहान आहे, पण सकाळचं ऊन येतं. ये, आजी.

माझ्यावर रागाव, पण लोभ काढून घेऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


ता. २५ मे

चि. भिंगरीस आशीर्वाद.

चूक झाली, ती झाली. पत्रावर रडून ठेवलंयस, दोन ओळी वाचता आल्या नाहीत. त्यात काही महत्त्वाचं असेल तर कोरड्या डोळ्यांनी परत लिही.

कोशात खरा अर्थ छापणार म्हणतेस. छाप. पाव घ्यायला निघालेला माणूस आधी शब्दकोश उघडून बघतो का, तेवढं मला कळव.

तुझ्याकडे येऊन काय करू? उन्हात बसू? तुझ्या खोलीत एक शेगडी आहे, तीवर तुझा चहाही उतू जातो. मला भट्टी लागते, मुली. तिच्या तोंडाशी हात धरला की आतलं सगळं मला कळतं. माणसांचं तेवढं कधी कळलं नाही, हे आता दिसतंच आहे.

मामाने दोन कारागीर ठेवलेत, डोक्याला टोप्या घातलेले. विजेच्या भट्टीची बटणं त्यांना येतात. पीठ कधी फुगून आलं, ते ओळखता येत नाही. पहिल्या आठवड्यात पाव असे निघाले की दाराखाली घातले असते तर दार हललं नसतं. मग मामा माझ्याकडे आला. आता मी पहाटे मागच्या दाराने जाते, खमीर बघते, पीठ मुरवते, विटांच्या भट्टीतला माल काढून देते, आणि दुकान उघडायच्या आत मागच्याच दाराने परत येते. पाव माझा, नाव साहेबाचं.

परवा मामा नवीनच घेऊन आला. दुकानात साहेबाच्या चित्राखाली एक वेताची खुर्ची ठेवायची आणि मी पांढरी ओढणी घेऊन तीत बसायचं. लोकांना सांगायचं की साहेबांनी स्वतः शिकवलेली ही शेवटची बाई. मी त्याला जे बोलले ते तुला लिहीत नाही, तू अजून लग्नाची आहेस.

पण दुसऱ्या दिवशी मी हो म्हटलं. का, ते ऐक. त्या खुर्चीतून भट्टीचं तोंड दिसतं. कारागिरांनी आच चुकवली तर वासावरून कळतं. घरात बसले की मामीचा टीव्ही दिसतो. म्हणून हो म्हटलं. उगाच तुझ्या त्या जुन्या बायकांसाठी रडतेस तशी माझ्यासाठी रडू नकोस.

मायेचं लिहायला जागा उरली नाही. ती गृहीत धर.

आजी


ता. ११ जून

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझी सगळी पत्रं मिळाली. त्यांतला उपदेश बाजूला काढला तर एक पोस्टकार्ड पुरलं असतं.

तू तिकडे ऑफिसात बसून मला आईचा मान शिकवतेस. बाईच्या भट्टीवर येणारी गिऱ्हाइकं म्हातारी झाली, निम्मी गेली. त्यांची मुलं चौकातल्या दुकानात जात होती. आता ती परत येतात. दुकान बंद पडून आई मानाने घरी बसली असती, ते तुला चाललं असतं का? साहेब कोणाचं काय खातो? तो तर नाहीच. आई खुर्चीवर बसते, येणारा जाणारा तिच्याशी दोन शब्द बोलतो. एवढी माणसं तिच्याशी जन्मात बोलली नव्हती. मला काय वाटतं, हे मला कोणी विचारलेलं नाही, तू तर नाहीच नाही.

राग निवळला की लिही. मामा आहे तिथेच आहे.

मामा


ता. २० जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

मामाचं पत्र आलं. त्याला काय उत्तर द्यावं कळत नाही, कारण त्यातलं सगळंच काही खोटं नाही. तू मात्र मला खरं लिही. त्या खुर्चीवर बसून तू लोकांना काय सांगतेस? तुझ्या तोंडून साहेबाचं कौतुक निघत असेल, हे माझ्या डोळ्यांपुढे येतच नाही.

मी खंजिराची ती खूण खोडली होती. थोरल्या संपादकांनी काल शाईने परत काढली.

तुझ्या शिव्यांनाही सध्या मुकले आहे. तेवढा लोभ तरी पाठव.

तुझी,
भिंगरी


ता. ३ जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद.

काय सांगते म्हणून विचारलंस. पहिल्यांदा गप्प बसत होते. मग कंटाळा आला, तेव्हा मी साहेबाचे धिंडवडे काढायला सुरुवात केली. सांगायचे की साहेब आळशी होता, उन्हं वर आल्याशिवाय उठत नसे, पिठात कधी बोट घातलं नाही, सगळं मीच करत होते. तेवढंच खरं सांगायची वाट सापडली, म्हटलं. तर लोक पोट धरून हसायचे. केवढी विनोदी बाई, म्हणायचे, आणि एकाच्या जागी दोन पाव न्यायचे. मामा खूश. म्हणाला, आई, असंच बोलत जा.

काल पलीकडच्या गल्लीतला चष्मेवाला आला, नातीला घेऊन. तो तुला आठवत नसेल. आईचं बोट धरून यायचा तेव्हापासून मी त्याला ओळखते. माझ्याकडे पाव फुटला की कडेचा तुकडा त्याच्या हातावर ठेवायचे, म्हणून तो आईच्या पुढे पळत यायचा. काल तो साहेबाच्या चित्रापुढे उभा राहिला आणि नातीला सांगू लागला की हेच ते साहेब. मी तुझ्याएवढा होतो तेव्हा हे स्वतःच्या हाताने मला गरम तुकडा द्यायचे, मिशांतून हसायचे.

मी ऐकून घेतलं. मग त्याला जवळ बोलावून साफ सांगितलं की बाबा, साहेब कोणी नव्हताच, तो साबणाच्या डबीवरचा आहे. तुकडा मी देत होते. तुझ्या आईला विचारायचं तर ती आता नाही, पण तू नीट आठव.

त्याने माझा हात हातात घेतला आणि थोपटला. म्हणाला की वय झालं की असं होतं, माझ्या आईलाही शेवटी शेवटी काही आठवत नव्हतं. नातीला म्हणाला, आजींच्या पाया पड, यांनी साहेबांना पाहिलंय.

तो खोटं बोलत असता तर मी त्याला फटकारून मोकळी झाले असते. पण तो खोटं बोलत नव्हता, भिंगरे. त्याचे डोळे भरून आले होते. त्याला खरोखरच साहेब आठवत होता.

मी उठले. ओढणी काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. आत जाऊन हात धुतले आणि मामाला सांगितलं की उद्यापासून पुढच्या दाराने नाही आणि मागच्याही दाराने नाही. त्याला वाटलं, मी रुसले. मग माझं तोंड बघून तो घाबरला. गिऱ्हाइकांसमोरच माझ्या मागे रस्त्यापर्यंत आला. पीठ कोण बघणार, खमीर कोण राखणार, विटांच्या भट्टीची आच कोणाला कळते, उद्या पाव कसे निघणार, म्हणून विचारत राहिला.

मी म्हटलं, साहेबाला विचार.

तुझी,
आजी